राज्याच्या कायद्यात दिव्यांगांसाठी तरतूद हवी असेल तर: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांत दिव्यांगांच्या बैठकांना बसू लागल्यापासून आम्हाला तेच तेच प्रश्न ऐकू येतात. दाखला कुठे मिळतो, पेन्शन कधी जमा होते, हे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे इथे दिलेली नाहीत. इथे एवढाच विषय आहे की, राज्याच्या कायद्यात किंवा नियमांत दिव्यांगांच्या बाजूने एखादी तरतूद यावी असे वाटत असेल, तर गावातल्या माणसाने काय मागावे, कोणाकडे मागावे आणि कसे मागावे.

केंद्राचा कायदा आहे ना? मग राज्याकडे आणखी कायदा कशाला मागायचा?

केंद्राचा कायदा आहे, आणि चांगला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, ते या कायद्याने एकवीस केले. सरकारी नोकरीत किमान चार टक्के आणि उच्च शिक्षणात किमान पाच टक्के आरक्षण त्यातच आहे. परंतु हा कायदा वाचताना एक गोष्ट सारखी नजरेला येते, ती म्हणजे पुष्कळ कलमांत 'समुचित शासन' हे शब्द आहेत, आणि आपल्या ग्रामपंचायतीच्या, एसटीच्या, शाळेच्या व दवाखान्याच्या बाबतीत ते शासन म्हणजे महाराष्ट्र शासन. राज्याने नियम करायचे, राज्याने आयुक्त नेमायचा, राज्याने सल्लागार मंडळ आणि जिल्हा समित्या स्थापन करायच्या, राज्याने निधी उभारायचा, अशी सगळी मांडणी आहे. केंद्राने घराचा सांगाडा उभा केला आहे, भिंती राज्याने घालायच्या आहेत.

याशिवाय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत नववी नोंद दिव्यांग आणि काम करण्यास असमर्थ व्यक्तींच्या साहाय्याचीच आहे. तेव्हा 'हा विषय दिल्लीचा आहे' असे कोणी म्हणाले तर ते पुरते खरे नाही. ग्रामपंचायतींचा कायदा, नगररचनेचा कायदा, लोकसेवा हक्काचा कायदा हे तिन्ही राज्याचे आहेत आणि दिव्यांगांचे रोजचे आयुष्य दिल्लीच्या कायद्यापेक्षा या तिघांशी अधिक बांधलेले आहे. आमचे मत असे की, राज्याने नवा मोठा कायदा करावा अशी मागणी करण्यापेक्षा या जुन्या कायद्यांत चार-दोन नेमकी वाक्ये घालून घेणे अधिक साधण्यासारखे आहे.

शासन निर्णय निघाला की झाले, नाही का? त्याहून अधिनियम वेगळा कसा?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

शासन निर्णय, म्हणजे ज्याला आपण सगळे जीआर म्हणतो, तो एका विभागाने काढलेला आदेश असतो. तो काढायला विधिमंडळ लागत नाही, त्यामुळे तो लवकर निघतो. आणि त्याच कारणाने तो दुसऱ्या जीआरने लवकर बदलतो किंवा रद्दही होतो. नियम हे अधिनियमाने दिलेल्या अधिकारातून केले जातात, राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. अधिनियम दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेला आणि राज्यपालांची संमती मिळालेला असतो. तो बदलायचा तर पुन्हा त्याच वाटेने जावे लागते.

याचे उदाहरण घरोघरी माहीत असलेले घेऊ. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे मासिक अनुदान २०२३ मध्ये दीड हजार रुपये झाले आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. वाढ स्वागतार्हच आहे. परंतु केंद्रीय कायद्याच्या कलम २४ मध्ये पहिल्यापासून असे म्हटले आहे की, इतरांसाठीच्या तशाच योजनेत जी रक्कम असेल, तिच्यापेक्षा दिव्यांगांची रक्कम किमान पंचवीस टक्क्यांनी अधिक असली पाहिजे. मधल्या काळात दिव्यांग आणि इतर लाभार्थी या दोघांना सारखेच दीड हजार मिळत होते. पंचवीस टक्क्यांचे हे सूत्र राज्याच्या नियमांत रकमेशी बांधून टाकले असते, तर त्यासाठी वेगळी उपोषणे करावी लागली नसती.

दुसरे उदाहरण माझ्या घरातले. माझ्या चुलतभावाच्या पायांना लहानपणी पोलिओ झाला. एका सरकारी कार्यालयात त्याचे काम पहिल्या मजल्यावर होते आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला, तोही त्याच्या कमजोर हाताच्या बाजूला. कुबड्या घेऊन तो पहिल्या पायरीशी उभा राहिला तसा वरच्या खिडकीतून कारकुनांचा आवाज आला, "भाऊनु, तुमी वर कशाक येतास? थांबा, मीच खाली येतंय." ते खरोखर खाली आले, रजिस्टर स्कूटरच्या सीटवर उघडले आणि सही तिथेच घेतली. पुढची दोन वर्षे हेच चालले. मग त्या कारकुनांची बदली झाली. नव्या माणसाने वाईट काही केले नाही, फक्त तो खाली आला नाही. जीआरचेही काहीसे असेच होते, आणि म्हणून आम्ही आग्रह धरतो की मागणी अधिनियमाची किंवा निदान नियमाची करावी.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे रोजगार हमी ही एक योजना होती. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती लावून धरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम 'देऊ' असे म्हणणारी योजना, काम 'दिलेच पाहिजे' असे म्हणणारा कायदा झाली, आणि पुढे २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता.

कोकणातून वेगळे असे काय मागायचे? सगळ्या राज्याच्या मागण्या सारख्याच नाहीत का?

पुष्कळशा सारख्या आहेत, पण काही मागण्या घाटावरच्या माणसाला सुचणारच नाहीत, त्या आपणच मांडायला हव्यात.

पहिली पाखाडीची, म्हणजे डोंगरउतारावरच्या पायऱ्यांच्या वाटेची. आमच्या वाडीतून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत जांभ्याच्या ७३ पायऱ्या आहेत. मी त्या मोजल्या आहेत, कारण निवेदनात 'खूप पायऱ्या' असे लिहिले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, पावसात त्यांवर शेवाळ धरते आणि कठडा नाही. केंद्रीय कायद्याचे कलम ४४ इमारतींबद्दल स्पष्ट बोलते: नियमांप्रमाणे सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा व वापर करता येईल अशी सोय, नसेल तर बांधकामाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. परंतु पाखाडी ही इमारत नव्हे, आणि साकव, म्हणजे वहाळावरचा लहान पूल, हीही इमारत नव्हे. त्यामुळे सरकारी पैशाने नवी पाखाडी बांधली जाते तेव्हा तिच्या अंदाजपत्रकात कठडा आहे का, पायरीची उंची ठरलेली आहे का, पर्यायी उतार शक्य आहे का, हे विचारायला कोणी बांधील नसतो. इथे राज्याने नियम करावा की, ग्रामीण पाऊलवाटा, पाखाड्या आणि साकव यांच्या कामाला तांत्रिक मान्यता देण्यापूर्वी सुगम्यतेची तपासणी झालीच पाहिजे. डोंगर सपाट करा असे कोणी म्हणत नाही. दोन्ही बाजूंना कठडा आणि साकवाला चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंदी, इतके तरी लिहून मिळावे.

दुसरी एसटीची. तिकिटात दिव्यांगांना पंचाहत्तर टक्के सवलत आहे. ज्याला गाडीत चढताच येत नाही त्याला ती सवलत कागदावरच राहते. तेव्हा नव्या गाड्यांच्या खरेदीच्या अटींत आणि बसस्थानकांच्या बांधकामात सुगम्यता बंधनकारक करा, ही मागणी सवलत वाढवा या मागणीच्या आधी यायला हवी, असे आम्हाला वाटते. यावर आमच्यात मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. हाच मुद्दा खाडीतल्या तरींना आणि मच्छीमार जेट्यांनाही लागू आहे. भरती-ओहोटीप्रमाणे जेटीची पायरी कधी गुडघ्याशी, कधी कमरेशी येते.

तिसरी मागणी आपत्तीची, आणि ती सर्वांत तातडीची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूण बुडाले. त्याच पावसात महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळली. केंद्रीय कायद्याचे कलम ८ सांगते की, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवायची आहे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवायची आहे. पण ही नोंद वाडीनिहाय असावी, दरवर्षी मे अखेरीस ताजी करावी, प्रत्येक नावापुढे त्या माणसाला बाहेर काढण्याची जबाबदारी घेतलेल्या शेजाऱ्याचे नाव असावे, कर्णबधिर माणसाला भोंगा ऐकू येत नाही म्हणून त्याच्या घरी प्रत्यक्ष माणूस जावा, हे तपशील राज्याच्या नियमांत आले तरच त्यांना अर्थ आहे. चाकरमानी मुंबईत आणि म्हातारे आईवडील गावात, हे आपल्याकडचे घरोघरचे चित्र आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुराच्या रात्री कोण उचलणार, हा प्रश्न आपल्याइतका कोणाला कळेल?

'अपंग' लिहावे की 'दिव्यांग'?

सरकारी कागदावर 'दिव्यांग' लिहावे, कारण अधिनियमाच्या मराठी पाठात आणि विभागाच्या नावात तोच शब्द आहे. अनेकांना तो शब्द आवडत नाही, दैवी काही नको, जिना नीट करा, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे आम्हाला पटते. पण शब्दाचा वाद निवेदनात घालू नये.

आमदार आमच्यासाठी नेमके काय करू शकतात?

रत्नागिरी जिल्ह्यात विधानसभेचे पाच मतदारसंघ आहेत, सिंधुदुर्गात तीन आणि रायगडमध्ये सात. त्याशिवाय विधानपरिषदेत कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक असे दोन मतदारसंघ आहेत, आणि शाळा-महाविद्यालयांच्या सुगम्यतेबद्दल या दोन सदस्यांकडे जाणे आपण सहसा विसरतो.

आमदारांकडे गेलो की आपण बहुधा निधी मागतो: व्हीलचेअर द्या, तीनचाकी द्या. त्यांनाही ते सोपे जाते, कारण वाटपाचा कार्यक्रम होतो. त्यापलीकडे त्यांच्या हातात पुष्कळ आहे. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न येतात. लक्षवेधी सूचनेने एखाद्या तातडीच्या बाबीवर मंत्र्यांचे निवेदन मिळवता येते. मंत्र्यांनी सभागृहात 'करू' असे म्हटले तर ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. म्हणून सभागृहातील उत्तराची प्रत जपून ठेवावी. नागरिकांचा विनंती अर्ज सदस्यामार्फत सभागृहात मांडता येतो आणि तो विनंती अर्ज समितीकडे जातो. या वाटेचा वापर फार कमी होतो.

शेवटी अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक. असे विधेयक मंजूर होण्याची आशा धरू नये, हे स्पष्टच सांगितलेले बरे. संसदेत स्वातंत्र्यानंतर अशी जेमतेम चौदा विधेयके मंजूर झाली आणि त्यातले शेवटचे १९७० मध्ये. शिवाय ज्या विधेयकामुळे राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल, ते राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मंजूर करता येत नाही. तरीही ते मांडून घेण्यात अर्थ आहे, कारण मांडलेल्या विधेयकाचा मसुदा छापला जातो आणि उद्या विभागाने स्वतःचे विधेयक आणायचे ठरवले तर समोर काहीतरी लिहिलेले तयार असते.

निवेदन कसे लिहावे?

एका निवेदनात एकच मागणी. पान एक, फार तर दीड. कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमात काय जोडायचे, ते शब्द आपणच लिहून द्यावेत. ते कच्चे असले तरी चालतील, विधी व न्याय विभाग ते पक्के करतो. समजा, ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी हे बंधन आज आदेशाने आहे. त्याऐवजी 'महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात पुढील तरतूद समाविष्ट करावी: प्रत्येक पंचायत आपल्या स्वउत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून कमी नसेल इतकी रक्कम दरवर्षी दिव्यांग व्यक्तींसाठी खर्च करील आणि त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवील' असे लिहिले, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला टिपणी करायला काहीतरी मिळते. 'दिव्यांगांना न्याय द्या' या वाक्यावर टिपणी होत नाही, फक्त आवक क्रमांक पडतो.

आकडे द्यावेत, पण आपल्याला दाखवता येतील तेवढेच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. तेव्हा मोजणी एकवीस प्रकारांची नव्हती, हेही एका वाक्यात लिहावे. त्याखाली आपल्या गावचा आकडा. आणि पाखाडीचा किंवा कार्यालयाच्या जिन्याचा एक फोटो, पायरीला टेप लावून काढलेला.

निवेदन आमदारांना दिले की त्याची प्रत दिव्यांग कल्याण विभागाला आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना पाठवावी. महाराष्ट्रात २०२२ पासून हा विभाग स्वतंत्र आहे. आयुक्तांना प्रत पाठवण्याचे खास कारण आहे: केंद्रीय कायद्याच्या कलम ८० प्रमाणे, राज्याचा कोणता कायदा, धोरण किंवा कार्यपद्धती या अधिनियमाशी विसंगत आहे ते शोधून दुरुस्ती सुचवणे, हे राज्य आयुक्तांचे कामच आहे. तसेच हक्क डावलल्याच्या तक्रारीवरून आयुक्तांनी एखाद्या प्राधिकरणाला शिफारस केली, तर त्याने काय केले हे तीन महिन्यांत कळवावे लागते, आणि शिफारस मान्य नसेल तर कारणे द्यावी लागतात. शिफारस ही शिफारसच असते हे खरे, पण कारण लिहून द्यावे लागणे ही लहान गोष्ट नव्हे.

ग्रामसभेच्या ठरावाने काही होते का?

कायदा बदलत नाही. पण एका तालुक्यातील वीस ग्रामसभांनी शब्दशः एकच ठराव केला तर आमदारांना तो दुर्लक्षून चालत नाही. ठराव इतिवृत्तात उतरला आहे की नाही हे त्याच दिवशी पाहावे आणि सही-शिक्क्याची नक्कल मागावी. ग्रामसभा ज्या इमारतीत भरते तिथे दिव्यांगांना पोहोचता येत नसेल, तर पहिला ठराव जागा बदलण्याचा करावा.

याच संदर्भात तमिळनाडूकडे पाहण्यासारखे आहे. २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेने आपले पंचायत आणि नागरी संस्थांचे कायदे दुरुस्त करून स्थानिक संस्थांत दिव्यांग व्यक्तींना नामनिर्देशनाने सदस्यत्व देण्याची तरतूद केली. आपल्याकडे हीच मागणी करताना 'दुसऱ्या राज्याने केले' हे सांगण्याचा उपयोग होतो. आमदार तत्त्वापेक्षा उदाहरण लवकर ऐकतात.

मुंबईला किंवा नागपूरला जावेच लागते का?

नाही. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात होते. अधिवेशनाच्या काळात आमदारांना शांतपणे बसून ऐकायला वेळ नसतो. अधिवेशनापूर्वी महिना-दीड महिना, आमदार मतदारसंघात असताना भेटावे, कारण प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. सावंतवाडीहून कुबड्यांवर नागपूरला जाऊन मोर्चात उभे राहणाऱ्यांबद्दल आम्हाला आदर आहे, परंतु तसे गेल्याशिवाय काही होत नाही ही समजूत खरी नव्हे.

नियमांचा मसुदा निघाला आहे असे कळले, तर काय करावे?

लगेच वाचायला बसावे. केंद्रीय कायद्याच्या कलम १०१ प्रमाणे राज्याने करायच्या नियमांना पूर्वप्रसिद्धीची अट आहे, म्हणजे मसुदा आधी राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. आमच्या मते सर्वसामान्य माणसाला कायदा घडवण्यात हात घालण्याची याहून सोपी संधी नाही. सूचना लिहिताना मसुद्यातील नियम क्रमांक, आत्ताचे शब्द आणि आपले शब्द असे तीन रकाने करावेत. 'शक्य असेल तेथे', 'यथावकाश', 'प्रयत्न करील' असे शब्द दिसले की तिथे खूण करावी. पळवाटा बहुधा याच शब्दांतून जातात.

हे शब्द किती भारी पडतात ते सर्वोच्च न्यायालयाच्या ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी प्रकरणातील निकालावरून दिसते. सुगम्यतेविषयीचा केंद्राचा नियम १५ हा मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला गेला, कारण अधिनियम सुगम्यता बंधनकारक करतो आणि नियमाने मात्र ती मार्गदर्शक सूचनांच्या पातळीवर आणून ठेवली होती. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ मधले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. आपल्या तालुक्याच्या ठिकाणची किती कार्यालये त्या मुदतीत बसली, हे ज्याने त्याने पाहावे.

मानसिक आजार किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांच्या वतीने कोणी बोलायचे?

शक्य तिथे त्यांनीच, आधार घेऊन. पालकांनी बोलणे स्वाभाविक आहे, पण बैठकीला फक्त पालक येतात आणि मूल घरी राहते, हे बरोबर नाही. २०१६ च्या कायद्यातील मर्यादित पालकत्वाची कल्पनाच अशी आहे की, निर्णय दोघांनी मिळून आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे घ्यायचा असतो. कोकणात या दिव्यांगत्वांची वाच्यता करण्याचा संकोच अजून मोठा आहे, त्यामुळे मागण्यांच्या यादीत पायऱ्या आणि उतार येतात, पण तालुक्याच्या दवाखान्यात मानसोपचाराची औषधे सलग मिळावीत ही मागणी येत नाही. ती लिहावी.

विधेयक मंजूर झाले. आता काय?

आनंद करावा आणि मग राजपत्राची प्रत काढून पहिले कलम वाचावे. तिथे बहुधा असे वाक्य असते की, हा अधिनियम शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास अमलात येईल. ती अधिसूचना निघेपर्यंत कायदा छापलेला असतो, पण लागू नसतो. त्यानंतर नियम, त्यानंतर पुढच्या अर्थसंकल्पात त्यासाठी लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाची स्वतंत्र ओळ, उघडले आहे का आणि त्यात रक्कम आहे का. लेखाशीर्ष आहे पण समोर एक हजार रुपयांची नाममात्र तरतूद आहे, असेही होते. म्हणून अर्थसंकल्पाच्या पुस्तकात ती ओळ शोधून तिचा फोटो काढावा आणि पुढच्या निवेदनाला जोडावा.